ऑनलाइन पोकर : नियम आणि शिष्टाचार

इंटरनेटवरून, मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर खेळला जाणारा पत्त्यांचा डाव. बावन्न पत्त्यांचा कॅट, फेरीगणिक वाढत जाणारी बोली आणि अखेरीस पाच पत्त्यांचा सरस संच, हा पोकरचा गाभा इथेही तोच असतो. पत्ते पिसणे, वाटणे, चिप्स (पैशांच्या जागी लावायच्या चकत्या) मोजणे ही डीलरची कामे मात्र सॉफ्टवेअर करते. त्यामुळे अर्धे नियम खेळाडूला मोडताच येत नाहीत. उरलेले अर्धे त्याच्या सचोटीवर सोडलेले असतात, आणि ऑनलाइन पोकरचा शिष्टाचार म्हणतात तो मुख्यतः या दुसऱ्या अर्ध्याला.

गोव्यात पोकर म्हटले की मांडवीतली कसिनो-जहाजे डोळ्यांपुढे येतात. पण घराघरात खरी ओळख तीनपानीची. चवथीला घुमट-आरती आटोपली, पाहुणे पांगले की सोप्यावर कॅट निघतो. तीनपानीवर हात बसलेला माणूस पोकरमध्ये पहिली ठेच खातो ती पत्त्यांच्या क्रमवारीत. तीनपानीत सिक्वेन्स (ओळीने येणारे पत्ते) कलरच्या (एकाच चिन्हाचे पत्ते) वर. पोकरमध्ये फ्लश (म्हणजे कलर) स्ट्रेटच्या (म्हणजे सिक्वेन्सच्या) वर. कारण साध्या मोजणीचे आहे. तीन पत्त्यांत सिक्वेन्सचे ७२० आणि कलरचे १,०९६ प्रकार पडतात. पाच पत्त्यांत स्ट्रेटचे १०,२०० आणि फ्लशचे ५,१०८. जे दुर्मीळ ते वरचढ. तीनपानीत सर्वांवर मात करणारा ट्रेल (एकसारखे तीन पत्ते) पोकरमध्ये स्ट्रेटच्याही खाली जातो. हे मनात पक्के नसेल तर तीन एक्के घेऊन सगळ्या चिप्स पुढे सारणारा माणूस हरतो आणि सॉफ्टवेअरच्या नावाने बोटे मोडतो. म्हणून घरातल्या कुणाला पोकर शिकवताना आधी ही क्रमवारी कागदावर लिहून द्यावी.

ऑनलाइन सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार टेक्सस होल्डेम. बटणाच्या (डीलरची जागा दाखवणाऱ्या खुणेच्या) डावीकडचे दोघे पत्ते पाहण्याआधीच स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड या सक्तीच्या बोली भरतात, प्रत्येकाला दोन झाकले पत्ते मिळतात, मग टेबलावर तीन (फ्लॉप), एक (टर्न) आणि शेवटचा एक (रिव्हर) असे पाच पत्ते उघडतात. हातातले दोन आणि टेबलावरचे पाच यांतून सर्वोत्तम पाच धरायचे. प्रत्येक टप्प्यावर चेक (काही न लावता पाळी पुढे देणे), बेट (बोली लावणे), कॉल (समोरच्याएवढे भरणे), रेझ (बोली वाढवणे) किंवा फोल्ड (पत्ते टाकणे). नो-लिमिट, म्हणजे वरची मर्यादा नसलेल्या, डावात वाढ निदान आधीच्या वाढीएवढी हवी. शंभरच्या बेटवर रेझ करायची तर किमान दोनशेवर न्यावी लागते. टेबलावर दोघेच असतील तर बटणवालाच स्मॉल ब्लाइंड भरतो. पाळी नसताना बोलणे, कमी चिप्स टाकणे, पॉट (मधोमध जमलेल्या चिप्स) चुकीचा वाटणे हे टेबलावरचे नेहमीचे तंटे सॉफ्टवेअर उद्भवूच देत नाही.

पिसणाऱ्यावर भरवसा ठेवावा का, हा प्रश्न मात्र खेळाइतकाच जुना आहे. १ जानेवारी १९९८ रोजी प्लॅनेट पोकर या संकेतस्थळावर खऱ्या पैशांचा ऑनलाइन डाव सुरू झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी तिथले पिसण्याचे गणित उलगडून दाखवले. बावन्न पत्त्यांच्या शक्य मांडण्यांची संख्या ८ वर ६७ शून्ये इतकी मोठी आहे. तो प्रोग्राम मात्र ३२ बिटांच्या बीजसंख्येवरून (जिच्यावरून सगळी मांडणी ठरते ती सुरुवातीची संख्या) पत्ते पिसत असल्याने फार तर सुमारे ४३० कोटी मांडण्या देऊ शकत होता. त्यातही बीज म्हणून मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद घेतलेले, म्हणजे दिवसभरात उरल्या ८ कोटी ६४ लाख. आपले घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून तज्ज्ञांनी ही संख्या सुमारे दोन लाखांवर आणली. मग स्वतःचे दोन पत्ते आणि फ्लॉप दिसला की इतरांचे पत्ते आणि पुढचे टर्न-रिव्हर ते आधीच सांगू शकत. यानंतर यादृच्छिक, म्हणजे अंदाज न बांधता येणाऱ्या, संख्या नीट निर्माण करणे आणि ती पद्धत त्रयस्थांकडून तपासून घेणे ही भरवशाच्या संकेतस्थळाची पहिली खूण ठरली. २००७-०८ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेट बेट इथे आतल्या मंडळींची खाती इतरांचे झाकले पत्ते पाहत असल्याचे उघड झाले. तिथे पिसणे नव्हे, माणसे खोटी होती.

खेळाडूंसाठीचा सर्वांत मोठा नियम म्हणजे एका हाताला, म्हणजे एकाला वाटलेल्या पत्त्यांना, एकच खेळाडू. दुसऱ्याच्या खात्यावरून खेळणे, एकाच डावात दोन खाती बसवणे, मित्राला मुद्दाम चिप्स हरणे, खांद्यावरून पाहणाऱ्याने 'कॉल कर' सांगणे, डाव चालू असताना उत्तर सुचवणारा प्रोग्राम उघडा ठेवणे, हे सगळे लबाडीतच मोडते. एका घरातले, एकाच वायफायवरचे दोघे एका टेबलावर बसले की संशयाने पाहिले जाते, ते याचसाठी. फोंड्यातल्या एका घरात बसलेले दोघे भाऊ कितीही सरळ असले तरी पुण्याहून खेळणाऱ्या तिसऱ्याला ते कळायचा मार्ग नाही.

चॅटच्या चौकटीतला एक शब्द डाव कसा बिघडवतो ते पाहण्यासारखे आहे. टेबलावर किलवर राणी, चौकट राणी, इस्पिक सत्ती, बदाम चौकी. तिघांपैकी एकाने पत्ते टाकले, दोघे उरले. त्यांतल्या एकाकडे दोन एक्के. समोरच्याच्या मोठ्या बेटपुढे तो थबकला आहे, कारण तिसरी राणी समोर असेल तर तो मेला. एवढ्यात पत्ते टाकलेला लिहितो, 'अरेरे, राणी टाकली मी!' चार राण्यांपैकी दोन टेबलावर, एक टाकलेली. समोर राणी असण्याची शक्यता क्षणात जवळजवळ निम्म्यावर आली. लिहिणाऱ्याने हळहळीपोटी लिहिले, पण त्या वाक्याने एकाचा बनाव उघडा पडला आणि दुसऱ्याला न कमावलेली माहिती मिळाली. डाव संपेपर्यंत टाकलेल्या पत्त्यांविषयी अवाक्षर काढू नये. टेबलावरच्या सर्वांना कळेल अशीच भाषा वापरावी हाही त्यातलाच संकेत. दोघे कोंकणीत बोलू लागले आणि नागपूरचा तिसरा नुसता बघत राहिला, तर बोलणे जेवणाचे असले तरी त्याला ते पत्त्यांचेच वाटणार.

वेळेचा शिष्टाचार याखालोखाल. प्रत्येक चालीला काही सेकंद आणि अवघड प्रसंगासाठी टाइम बँक म्हणजे वेगळा राखीव वेळ मिळतो. तो अवघड प्रसंगीच खर्चावा. हातात अजिंक्य पत्ते असताना समोरच्याच्या ऑल-इनला (सगळ्या चिप्स लावण्याला) उत्तर द्यायला मुद्दाम ताटकळवणे, ज्याला स्लो-रोल म्हणतात, नियमात बसते; तरी त्याइतके हलके वागणे पोकरमध्ये दुसरे नाही. स्पर्धेत बक्षिसांची रेषा जवळ आली की काही जण दर चालीला वेळ काढत बसतात. त्यावर उपाय म्हणून तेव्हा सर्व टेबलांवर एकेक डाव बरोबरीने खेळवला जातो. आणखी एक गोष्ट आपल्याकडे पावसाळ्यात फार जाणवते. वीज गेली, नेट तुटले, की वेळ संपताच सॉफ्टवेअर शक्य असेल तिथे चेक करते, नाहीतर पत्ते टाकते. पूर्वी नेट तुटलेल्याला तोवर लावलेल्या चिप्सवरच ऑल-इन धरण्याची सवलत अनेक ठिकाणी होती. लोक हातातले पत्ते कमजोर दिसले की मुद्दाम वायर ओढू लागले आणि ती सवलत गेली.

नवख्याच्या चुकीच्या कॉलवर त्याला टोमणे मारणे ही सर्वत्र दिसणारी आणि खरोखर वाईट सवय. हरणाऱ्याने 'छान खेळलास' एवढे लिहावे, जिंकणाऱ्याने गप्प राहावे.

कायद्याच्या बाजूने गोव्याची स्थिती वेगळी आहे. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा, १९७६ यात १९९२ आणि १९९६ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेलांतली यंत्रे आणि जहाजांवरचे टेबल-खेळ यांना वाट मिळाली. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना मात्र कसिनोत खेळायला बंदी आहे. जहाज आणि संकेतस्थळ एकमेकांपासून दूर नव्हते. मांडवीत डेल्टिन रॉयल हे कसिनो-जहाज चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पने अड्डा५२ हे पोकरचे संकेतस्थळही घेतले होते, आणि गोव्यातल्या स्पर्धांच्या प्रवेशिका घरबसल्या जिंकता येत. संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद न करता पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. भारतीय संकेतस्थळांनी पैशांची टेबले तेव्हाच उचलली.

आता उरते ती फुकटच्या चिप्सची खासगी टेबले. चवथीला घरी न पोचलेला दुबईचा मामेभाऊ, ठाण्याची आत्या, सोप्यावरची चौकडी असे एका दुव्यावर जमतात. अशा डावात टेबल उघडणाऱ्याने सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगाव्यात: चालीला किती सेकंद, चिप्स संपल्या तर पुन्हा किती वेळा घेता येतील, आणि व्हिडिओ कॉल चालू असेल तर पत्ते टाकलेल्याने माइक बंद करायचा. शेजारी बसून आजोबांचे पत्ते पाहणाऱ्या नातवाने तो डाव संपेपर्यंत स्वतःचा फोन उलटा ठेवायचा, कारण त्याच टेबलावर तोही खेळत असतो.