मेल गाळणाऱ्या सेवेला एसईलिनक्सचं कुंपण कसं पडलं

पुण्यात लिनक्सचे क्लास करून नोकरीला लागलेल्या एका अख्ख्या पिढीला एक आज्ञा तोंडपाठ आहे: सेटएनफोर्स शून्य. काही अडलं की आधी एसईलिनक्स, म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमने कशाला हात लावायचा हे ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा, गप्प करायचं, मग बाकीचं बघायचं. एखाद्या आतल्या फाइल सर्व्हरवर हे एक वेळ खपून जातं. मेल गाळणाऱ्या सर्व्हरवर मात्र ते अंगाशी येऊ शकतं. स्पॅम आणि व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम जगातल्या कुणीही धाडलेली फाइल मुकाट्याने उघडतो, झिप सोडवतो, आतली आणखी एक झिप सोडवतो, आणि हे करताना ऑफिसातल्या सगळ्यांच्या मेलवर त्याचा हात असतो. ज्याला सगळ्यात आधी बांधून ठेवायला हवं त्यालाच आपण मोकळं सोडत आलो. हे असं का झालं याची मुळं बरीच मागे जातात.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म हा इंटरनेटवरून आपोआप पसरणारा प्रोग्रॅम सुटला. त्याच्या वाटांपैकी एक वाट सेंडमेल या मेल सर्व्हरची होती. त्यातली डीबगची सोय चालू राहिलेली असेल, तर पत्त्याच्या जागी चक्क कमांड पाठवता यायची. सेंडमेल तेव्हा रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालायचं, कारण २५ नंबरचं पोर्ट धरायचं आणि कुणाच्याही मेलबॉक्समध्ये लिहायचं तर तेच सोयीचं. युनिक्सच्या जुन्या पद्धतीत प्रोग्रॅमला तो चालवणाऱ्याचे सगळेच्या सगळे अधिकार मिळतात. त्यामुळे रूटचा प्रोग्रॅम फुटला की यंत्रच गेलं.

यंत्रणेनेच लादलेल्या, सक्तीच्या नियंत्रणाची कल्पना त्याआधीची, पण ती लष्करी कामासाठी जन्मली. १९७३चं बेल-लापाड्युला मॉडेल आणि १९८३चं अमेरिकी संरक्षण खात्याचं ऑरेंज बुक यांची चिंता एकच: गुप्त कागद खालच्या पातळीवरच्या माणसाच्या हाती पडू नये. मेल फिल्टरला याचा उपयोग शून्य, कारण त्याचं कामच सगळं वाचण्याचं. कामाला आली ती १९८५ मध्ये बोबर्ट आणि केन यांनी मांडलेली टाइप एनफोर्समेंट. प्रोग्रॅमला एक डोमेन, फाइलला एक टाइप, आणि कुणी कशाला हात लावायचा याचा तक्ता. तक्त्यात नाही ते नाही, मग तुम्ही रूट का असेना. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने सिक्युअर कम्प्युटिंग कॉर्पोरेशन आणि युटा विद्यापीठाबरोबर यातून फ्लास्क ही रचना घडवली आणि २२ डिसेंबर २००० रोजी एसईलिनक्स सगळ्यांसाठी खुलं केलं. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एकाच पद्धतीचा आग्रह नको होता, म्हणून आधी कुठलीही सुरक्षा पद्धत जोडता येईल अशी एलएसएमची चौकट बनली. २००३ मध्ये २.६ कर्नलबरोबर एसईलिनक्स मुख्य प्रवाहात आलं.

एसईलिनक्स खुलं झालं त्याच २००० सालच्या जूनमधला एक किस्सा या विषयात फारसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात बोलका आहे. लिनक्स कर्नल २.२.१५ पर्यंत केपेबिलिटीच्या, म्हणजे रूटच्या अधिकारांच्या सुट्या तुकड्यांच्या, हाताळणीत चूक होती. यंत्रावरचा साधा युजर सेंडमेल अशा रीतीने सुरू करू शकायचा की, रूटपण सोडण्यासाठी लागणारी केपेबिलिटीच त्याच्याकडे नसे. सेंडमेल इमानदारीत अधिकार सोडायला जायचं, सोडले असं समजून पुढे चालायचं, आणि प्रत्यक्षात रूटच राहायचं. प्रोग्रॅमने स्वतःहून शहाण्यासारखं वागावं यावर उभी केलेली सुरक्षा किती तकलादू असते, ते इथे दिसलं.

इकडे मेलमधून येणारा कचरा वाढत होता. मार्च १९९९ मध्ये मेलिसा, मे २००० मध्ये आयलव्हयू. आलेले मेल तपासणीकडे नेणारं अमाविस १९९७ पासून होतं, सेंडमेलने २०००च्या आसपास मिल्टरची, म्हणजे बाहेरचा गाळणारा प्रोग्रॅम जोडण्याची, सोय दिली, २००१ मध्ये स्पॅम ओळखणारं स्पॅमअसासिन आलं, २००२ मध्ये व्हायरस शोधणारं क्लॅमएव्ही. पोस्टफिक्स या दुसऱ्या मेल सर्व्हरने मिल्टर स्वीकारलं २००६ मध्ये, २.३ आवृत्तीत. आपल्याकडच्या लहान ऑफिसांत डेस्कटॉपवर पुण्याचंच क्विक हील आणि गेटवेवर फुकटचं क्लॅमएव्ही, ही जोडी सर्रास दिसायची.

एसईलिनक्स बंद करण्याची सवय लागली ती २००४ मध्ये. फेडोरा कोअर २ या लिनक्समध्ये सगळ्यांनाच बांधणारी कडक पॉलिसी, म्हणजे नियमांचा संच, होती. चाचणीत इतक्या गोष्टी अडल्या की एसईलिनक्स मुळातच बंद ठेवून ती आवृत्ती द्यावी लागली. कोअर ३ मध्ये मग टार्गेटेड पॉलिसी आली: मोजक्या सेवा बांधा, बाकी मोकळं. वेब सर्व्हर, नेमसर्व्हर, डीएचसीपी, स्क्विड अशी ती यादी होती. मेल फिल्टर त्यात नव्हता! पुढे टप्प्याटप्प्याने पॉलिसी वाढली, पण क्लासमधल्या नोट्स तिथेच राहिल्या.

मेल गाळणाऱ्यांची पॉलिसी वाचली की ती कुणी एका बैठकीत लिहिलेली नाही, तक्रारीगणिक साचत गेली आहे, हे लगेच कळतं. मिल्टरच्या मॉड्यूलमध्ये एक साचा आहे. त्यातून ग्रेलिस्ट, रेजेक्स आणि स्पॅमॅस (स्पॅमअसासिनला जोडणारा) अशा मिल्टरांसाठी तीन डोमेन काढली आहेत. प्रत्येकाची सॉकेट (दुसऱ्या प्रोग्रॅमशी बोलण्याचं दार) ठेवण्याची जागा वेगळ्या लेबलची, आणि मेल सर्व्हरने तिथे फक्त जोडून घ्यायचं. अमाविसला मेल घ्यायला १००२४ आणि परत द्यायला १००२५, या दोन पोर्टांनाही स्वतंत्र लेबलं आहेत. इथवर सगळं नेटकं. पण स्पॅमॅस-मिल्टरला शेल, म्हणजे कमांड राबवणारा प्रोग्रॅम, चालवायची परवानगीही द्यावी लागली, कारण काही पर्याय वापरले की तो पोपेनने, म्हणजे शेलमार्फत, सेंडमेल चालवतो. हीच सवय दोनदा भोवली. २००७ मध्ये क्लॅमएव्ही-मिल्टरच्या ब्लॅक होल मोडमध्ये, २०१० मध्ये स्पॅमॅस-मिल्टरच्या पत्ता पडताळण्याच्या पर्यायात. दोन्हीकडे मेल ज्याला पाठवायचा त्याचा पत्ता तसाच शेलच्या ओळीत जात होता. पत्त्यात एक उभी रेघ आणि पुढे कमांड टाकली की काम फत्ते. बावीस वर्षांनी पुन्हा मॉरिस वर्मचीच युक्ती. पॉलिसीने हा शेल थांबवला नसता, पण तो मिल्टरच्याच डोमेनमध्ये अडकून राहिला असता आणि रूट असूनही पासवर्डांच्या शॅडो फाइलला हात लावू शकला नसता.

पुढची तडजोड मला तितकीशी पटलेली नाही. रेड हॅट लिनक्स ७ पर्यंत येता येता अमाविस, क्लॅमएव्हीचे क्लॅमडी व क्लॅमस्कॅन आणि व्हायरसच्या ओळखखुणा उतरवणारं फ्रेशक्लॅम यांची वेगवेगळी डोमेन मोडून एकच अँटीव्हायरस_टी करण्यात आलं. एकमेकांच्या फायली आणि सॉकेट त्यांना सतत लागतात, तेव्हा अडवणुकीच्या तक्रारी कमी झाल्या हे खरं. पण अटॅचमेंट उघडणारा आणि इंटरनेटवरून फाइल आणणारा आता एकाच अधिकारात बसतात. ज्यावरून बाकीच्या पॉलिसी बनतात त्या मूळ रेफरन्स पॉलिसीत ही डोमेन अजून वेगळी आहेत. उरलेल्या सवलती मात्र बूलियनमागे, म्हणजे चालू-बंद करायच्या खटक्यांमागे, ठेवल्या हे बरं केलं: पूर्ण डिस्क तपासायची मुभा वेगळी, बाइटकोड जिटने, म्हणजे चालता चालता यंत्रभाषेत बदलून, चालवायची वेगळी.

सदाशिव पेठेतल्या एका पतसंस्थेत हे जवळून बघायला मिळालं. डिस्क भरली म्हणून अमाविसची फोल्डर नव्या डिस्कवर हलवली आणि मेल तुंबले. "सर, दोन मिनिटं पर्मिसिव्हला टाकतो, मेल जाऊ देत, मग बघू," असं तिथला मुलगा म्हणाला. (पर्मिसिव्ह म्हणजे एसईलिनक्स नुसती नोंद करतं, अडवत नाही.) "अरे, आधी लॉग तर दाखव," मी म्हटलं. एव्हीसीची, म्हणजे अडवणुकीच्या नोंदीची, ओळ सरळ होती: मागणारा अँटीव्हायरस_टी, मागितलेली वस्तू डीफॉल्ट_टी (बेवारस लेबल), क्रिया रीड. अशा नोंदींवरून नियम बनवणारं ऑडिटटूअलाऊ चालवलं असतं तर त्याने यंत्रावरच्या कुठल्याही बेवारस लेबलच्या फाइल वाचायची परवानगी देणारा नियम काढून दिला असता. खरं तर नव्या जागेला जुन्या जागेसारखंच लेबल द्या, एवढं लेबलांचे नियम ठेवणाऱ्या सेमॅनेजला सांगून ती लेबलं लावणारं रिस्टोरकॉन फिरवायचं होतं. तेवढ्याने मेल वाहते झाले.

या बांधण्याची गरज किती आहे ते २०२३ने दाखवलं. फेब्रुवारीत क्लॅमएव्हीच्या एचएफएस प्लस फाइल वाचणाऱ्या भागात ९.८ तीव्रतेचं भोक निघालं. मे महिन्यात बाराकुडा कंपनीच्या मेल गेटवेची गोष्ट बाहेर आली: टार अटॅचमेंटमधल्या फाइलींच्या नावांतून कमांड चालत होत्या, आणि ऑक्टोबर २०२२ पासून त्याचा गैरवापर सुरू होता. कंपनीने शेवटी बाधित यंत्रं बदलूनच घ्या म्हणून सांगितलं.

उबुंटू आणि डेबियन या लिनक्सकडे वळलेल्यांना एसईलिनक्सऐवजी अ‍ॅपआर्मर मिळतं. त्यात क्लॅमडीचं प्रोफाइल आहे, लेबलांची कटकट नाही. रेड हॅट ९ मध्ये तर कॉन्फिगमध्ये डिसेबल्ड लिहून एसईलिनक्स पूर्ण बंदही होत नाही, फक्त पॉलिसी न चढवता सुरू होतं. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. या नोंदी लिहिणारं ऑडिटडी मात्र मूळ सेटिंगमध्ये ८ एमबीच्या ५ फायली ठेवून जुनं पुसत जातं, म्हणजे सगळं मिळून ४० एमबी. गजबजलेल्या फिल्टरवर एव्हीसीच्या ओळी १८० दिवसांच्या कितीतरी आधीच पुसल्या जातात, तेव्हा त्या दुसऱ्या यंत्रावर पाठवायची सोय आधीच करून ठेवावी लागते.