सिस्टरांचा दवाखाना आणि रोमची मनाई

घरात कुणी बाळंतपणाला अडलं की शेजारची एखादी मावशी म्हणते, "सिस्टरांच्या दवाखान्यात न्या, तिथं नीट बघतात." वसईत हे ऐकलंय, वांद्र्यात ऐकलंय, तालुक्याच्या गावांतही ऐकलंय. म्हणणारी ख्रिस्ती असतेच असं नाही, बहुतेक वेळा नसतेच. पांढऱ्या झग्यातली सिस्टर आणि प्रसूतीचा वॉर्ड ही जोडी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असणार, असं आपण धरूनच चालतो.

ती तशी नाही. १९३६ सालापर्यंत कॅथलिक धर्मभगिनीला डॉक्टरकी करायला खुद्द चर्चच्या कायद्याची आडकाठी होती, आणि बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहणं तर तिच्यासाठी वर्ज्यच मानलं जाई. आज ज्या कामासाठी सिस्टरांवर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात, नेमकं तेच काम त्यांना मना होतं. आंध्र प्रदेशातल्या गुंटूरचं सेंट जोसेफ रुग्णालय वाढलं ते या मनाईच्या काळात, एका अपवादाच्या आधारावर. त्याची कहाणी समजून घ्यायची तर आधी ती मनाई समजून घ्यायला हवी.

मनाईचं मूळ मध्ययुगातलं. बाराव्या शतकात मठातले साधू वैद्यकी शिकून पैसे मिळवायला बाहेर पडू लागले, तेव्हा धर्मपरिषदांनी त्यांना आवर घातला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं वरच्या पायरीच्या धर्मगुरूंना कापणं आणि डागणं यांसारखी शल्यकर्मं बंद केली. वेदीवर मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, अर्पण करणाऱ्या हातांना रक्त लागू नये, ही त्यामागची भावना. हे सगळं पुरुषांना उद्देशून होतं. पण १९१७ साली चर्चचा कायदा एका ग्रंथात बांधला गेला, तेव्हा रोमच्या खास परवानगीशिवाय धर्मगुरूनं वैद्यकी करू नये हे कलम त्यात आलं, आणि धर्मगुरूंची बंधनं व्रतस्थ स्त्री-पुरुषांनाही लागू असतील, असं दुसरं कलमही आलं. त्याच्या आधी, १९०१ च्या नियमावलीत, बाळंतिणींची सेवा करू पाहणाऱ्या भगिनीसंघांना मान्यता देऊ नये अशी भूमिका रोमनं घेतलेली होतीच. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बाईनं प्रसूतीच्या खोलीत जाणं शोभत नाही, असा तो विचार होता.

युरोपात या नियमानं फारसं कुणाचं अडत नसे. सिस्टर नाही तर सुईण होती, सुईण नाही तर डॉक्टर होता. हिंदुस्थानात मात्र तसं नव्हतं. इथं पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरसमोर येत नसे आणि घरचेही येऊ देत नसत. बाळंतपण घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या, कोंदट खोलीत. नाळ कापायला जे हाताशी असेल ते, बहुधा न उकळलेलं. धनुर्वात होऊन मूल आठ-दहा दिवसांत दगावे, ताप चढून आई जाई, आणि दोन्ही नशिबाच्या खाती जमा होई. स्त्री डॉक्टर ही इथली निकड होती, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. स्वतःचं मूल दहा दिवसांत गमावलेल्या आनंदीबाई जोशींनी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) भाषणात हेच मांडलं होतं, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात प्रबंध लिहिला तोही हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्रावर.

आनंदीबाईंच्या त्याच कॉलेजातून १८७९ साली ॲना कूग्लर नावाची बाई डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. अमेरिकन लुथरन मिशनची ही डॉक्टर १८८३ साली गुंटूरला आली, आणि १८९८ साली तिथं बायका-मुलांचं रुग्णालय उघडलं. प्रोटेस्टंट मिशनांनी हे फार आधी ओळखलं होतं. क्लारा स्वेन १८७० पासून बरेलीत, एडिथ ब्राउन १८९४ पासून लुधियान्यात. आपल्या मिरजेत वानलेस डॉक्टरांचं रुग्णालय १८९४ चं. म्हणजे ज्या गुंटूरबद्दल आपण बोलतोय तिथं एक मिशन बायकांवर शस्त्रक्रिया करत होतं आणि त्याच गावातल्या कॅथलिक सिस्टरांना बाळंतिणीला हात लावायचीही चोरी होती. चर्चच्या इतिहासात या तफावतीवरून हलक्या पावलांनी पुढं जायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. या उशिरापायी किती बायका गेल्या असतील याची मोजदाद कुणी ठेवली नाही, म्हणून त्या गेल्याच नाहीत असं होत नाही.

हे कोडं आधी हाती घेतलं ते एका म्हाताऱ्या स्कॉटिश डॉक्टरनं. ॲग्नेस मॅक्लॅरन १८३७ ची, एडिंबरोची. वडील खासदार, घरात स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ. ब्रिटनमधली विद्यापीठं बाईला वैद्यकीची पदवी देईनात, म्हणून फ्रान्समध्ये मोंपेल्येला जाऊन १८७८ साली डॉक्टर झाली. एकसष्टाव्या वर्षी कॅथलिक झाली, आणि त्यानंतर रावळपिंडीच्या मिशनमधून तिला तिथल्या बायकांच्या हालांची हकिकत कळली. तिनं लंडनमध्ये समिती जमवली, पैसा उभा केला, रावळपिंडीत सेंट कॅथरिन्स नावाचं बायका-मुलांचं छोटं रुग्णालय काढलं, आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते बघायला स्वतः हिंदुस्थान गाठला. रुग्णालय झालं, डॉक्टर कुठून आणायची? पगारी डॉक्टर येई, लग्न करून जाई. आयुष्यभर टिकून राहतील अशा धर्मभगिनीच डॉक्टर झाल्या तर? या एका प्रश्नासाठी तिनं रोमच्या पुन्हा पुन्हा वाऱ्या केल्या. उत्तर मिळालं नाही. १९१३ साली ती वारली.

पण तिच्याविषयी एक छोटी पुस्तिका निघाली होती, आणि ती १९१५ च्या ऑक्टोबरात मेलबर्नमध्ये डॉ. मेरी ग्लाउरी हिच्या हाती पडली.

मेरी अठ्ठावीस वर्षांची होती. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातल्या बिरेगुरा या खेड्यातला जन्म, नऊ भावंडांतली तिसरी. मेलबर्न विद्यापीठातून १९१० साली डॉक्टर झाली. शहरातल्या नामवंत कॉलिन्स स्ट्रीटवर तिचा दवाखाना होता, डोळ्यांच्या रुग्णालयात नेमणूक होती. १९१६ साली कॅथलिक स्त्रियांची एक समाजसेवी संघटना निघाली तिची ती पहिली अध्यक्ष. मार्गी लागलेलं आयुष्य म्हणतात ते हेच. पुस्तिकेत तिनं हिंदुस्थानातल्या बायका-मुलांच्या मृत्यूंबद्दल वाचलं आणि आपलं काम तिथं आहे हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं. लगेच निघाली मात्र नाही. महायुद्ध चालू होतं. मधल्या काळात तिनं प्रसूतिशास्त्र, स्त्रीरोग आणि नेत्रविकार या विषयांत एमडी पुरी केली. पुढं गुंटूरमध्ये जे लागणार होतं तेच तिनं आधी शिकून घेतलं. मला तिच्या चरित्रातली ही चार वर्षं सगळ्यात मोलाची वाटतात. भक्तीच्या भरात बोटीत बसणं सोपं असतं.

१९२० च्या जानेवारीत ती निघाली आणि १२ फेब्रुवारीला गुंटूरला पोचली. तेव्हा हा भाग मद्रास इलाख्यात. आज गुंटूर म्हटलं की आपल्याला मिरची आठवते. तिला आठवणीत राहिलं असेल ते ऊन. येशू-मरिया-योसेफ या डच भगिनीसंघाच्या सिस्टर तिथं आधीपासून एक छोटा दवाखाना चालवत होत्या. मेरी त्याच संघात दाखल झाली आणि सिस्टर मेरी ऑफ द सेक्रेड हार्ट हे नाव तिनं घेतलं. आता मनाईचं काय? पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी तिला खास परवानगी दिली होती: व्रतस्थ राहूनही तिला डॉक्टरकी करता येईल. कायदा होता तिथंच होता. त्यात फक्त एका बाईपुरतं दार किलकिलं झालं होतं.

त्या दारातून जे आलं त्याचा आकार बघा. १९२७ ते १९३६ या दहा वर्षांत गुंटूरच्या या वैद्यकीय कामातून सहा लाखांहून अधिक रुग्ण पाहिले गेले, अशी नोंद आहे. सुट्टीचा एकही दिवस न धरता हिशेब केला तरी रोजचे दीडशेच्या वर. आणि कित्येक वर्षं डॉक्टर एकच. एका माणसाच्या हातून एवढं होत नाही, होऊच शकत नाही; इथं सेंट जोसेफच्या खऱ्या बांधणीचं गमक आहे. मेरीनं अगदी सुरुवातीपासून स्थानिक बायका तयार केल्या. कुणाला औषधं मोजून-मिसळून द्यायला शिकवलं, कुणाला परिचारिका केलं, कुणाला सुईणपण शास्त्रशुद्ध शिकवलं. एक तेलुगू सुईण शिकून आपल्या गावी परतली की ती हात धुवायची आणि हत्यार उकळायची सवय घेऊन परतायची. खाटांच्या आकड्यात हे दिसत नाही, पण दवाखान्याची पोच त्यानं किती वाढली असेल ते खेड्यात राहिलेल्या कुणालाही कळेल.

या बायकांची नावं मात्र आपल्यापर्यंत आलेली नाहीत. परदेशातून आलेल्या डॉक्टरीणबाईंची पत्रं जपली जातात, त्यांच्यावर चरित्रं निघतात. त्यांच्या शेजारी उभं राहून रुग्ण बाईचं दुखणं तेलुगूतून समजावून देणारी, रात्री कंदील धरणारी, रडणाऱ्या सासूला बाजूला घेणारी बाई कोण होती, हे विचारायचं राहून जातं. सेंट जोसेफचा इतिहास जितका मेरीचा तितकाच त्यांचा आहे.

आणखी एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. ही मिशनची रुग्णालयं होती. मरणाच्या दारातल्या बाळांना बाप्तिस्मा मिळावा हाही त्या काळच्या मिशनकार्याच्या आवाहनांतला एक हेतू असे, आणि आजच्या वाचकाला तो खटकला तर त्यात गैर काही नाही. पण दवाखान्याच्या दाराशी येणारी बाई हेतू तपासत बसत नव्हती. तिला आत घेणारी, बाई असलेली डॉक्टर हवी होती, आणि ती तिथं होती.

इकडं गुंटूरमध्ये अपवाद कामाला लागला होता, त्याच सुमारास तिकडं रावळपिंडीत मॅक्लॅरनच्या रुग्णालयात ॲना डेंगल रुजू झाली. ऑस्ट्रियातल्या टिरोलची ही मुलगी मॅक्लॅरनशी पत्रव्यवहार करून, तिच्याच सल्ल्यानं आयर्लंडमध्ये कॉर्कला वैद्यकी शिकली होती. दोघींची भेट मात्र कधीच झाली नाही. काही वर्षं राबल्यावर ॲनाच्या लक्षात आलं की एकट्यादुकट्या डॉक्टरनं हे निभणारं नाही. ती अमेरिकेला गेली आणि १९२५ साली वॉशिंग्टनमध्ये तीन जणींना घेऊन मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ काढला. कायद्याची मनाई होतीच, म्हणून या चौघींनी सुरुवातीला जाहीर व्रतं घेतलीच नाहीत. सिस्टरांसारखं राहायचं, डॉक्टर-नर्सचं काम करायचं, आणि कायदा बदलायची वाट बघायची. अकरा वर्षं वाट पाहिली. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्दच्या मातेच्या सणादिवशी, रोमनं फर्मान काढलं: मिशनच्या प्रदेशांत धर्मभगिनींनी वैद्यकी आणि प्रसूतीचं काम करावं, त्यासाठी पदव्या घ्याव्यात. नुसती परवानगी नाही, आग्रहच. पुढं पाटण्यापासून दिल्लीपर्यंत या संघाची होली फॅमिली रुग्णालयं उभी राहिली. त्यांतलं पहिलं, १९२७ चं रावळपिंडीचं, फाळणीनं पाकिस्तानात गेलं.

फर्मान निघालं तेव्हा मेरीला गुंटूरला येऊन सोळा वर्षं झाली होती. पन्नाशी जवळ आली होती, आणि तिच्या डोक्यात पुढचं घोळत होतं. जागोजागी सिस्टरांचे दवाखाने होते, पण ज्यानं त्यानं आपापलं पाहायचं अशी अवस्था. औषधं कुठून घ्यावीत, नर्सना कसं शिकवावं, सरकारशी कोणी बोलावं, याला धरबंध नव्हता. १९४३ च्या जुलैत, दुसरं महायुद्ध चालू असताना, वेगवेगळ्या ठिकाणच्या सोळा सिस्टरांना घेऊन तिनं कॅथलिक हॉस्पिटल असोसिएशन स्थापन केली. आज या संघटनेचं मुख्यालय सिकंदराबादला आहे आणि देशभरातली हजारो रुग्णालयं, दवाखाने, आरोग्यकेंद्रं तिची सदस्य आहेत. बरीचशी रेल्वे स्टेशनपासून लांब, खेड्यापाड्यांत.

तिचं दुसरं स्वप्न स्वतःच्या मेडिकल कॉलेजचं होतं. सिस्टर असोत की सामान्य घरातल्या मुली, इथंच शिकून इथंच डॉक्टर व्हाव्यात, मेलबर्नकडं डोळे लावून बसायला लागू नये. ते तिच्या हयातीत झालं नाही. तिला कर्करोगानं गाठलं. दुखणं वाढल्यावर गुंटूर सोडावं लागलं आणि ५ मे १९५७ रोजी बंगलोरमध्ये तिनं देह ठेवला. ऑस्ट्रेलियाला ती परत कधीच गेली नाही. २०१३ साली चर्चनं तिला 'देवाची सेविका' म्हणून जाहीर केलं. संतपदाच्या वाटेवरची ही पहिली पायरी.

गुंटूरचं सेंट जोसेफ आजही चालू आहे, आणि तिथं परिचारिकाही घडतात. मेडिकल कॉलेज १९६३ साली उघडलं, सेंट जॉन्स नावानं, ती जिथं गेली त्या बंगलोरमध्येच. तिथून डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींना पदवीनंतर ठरावीक काळ गावाकडच्या रुग्णालयात काम करण्याचा करार करून द्यावा लागतो, आणि त्यातले कित्येक जण त्यासाठी सिस्टरांच्याच एखाद्या आडगावच्या दवाखान्यात जाऊन राहतात.