साडेबारा टक्के योजना

नवी मुंबई प्रकल्पात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना संपादित क्षेत्राच्या 12.5 टक्के विकसित भूखंड परत देण्याची महाराष्ट्र शासनाची योजना. तिची अंमलबजावणी सिडको या शासनाच्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाकडे आहे. शासननिर्णय 1990 चा असला, तरी ही मागणी जानेवारी 1984 च्या जासई (उरण तालुका) आंदोलनातून पुढे आली. नगररचनाकारांच्या मूळ आराखड्यात असे काही नव्हते.

पार्श्वभूमी : मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले आणि 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी या प्रकल्पासाठी अधिसूचित झाल्या. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारी ही आगरी, कोळी, कराडी समाजांची वस्ती. संपादन 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली झाले. या कायद्यात शेतकऱ्याची संमती लागत नसे आणि मोबदला अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावावर बेतला जाई. नवे शहर उभे राहताच त्याच जमिनीचे भाव अनेक पटींनी चढले, पण मूळ मालकाच्या हाती शेतीचा जुनाच दर पडला. असंतोषाचे मूळ इथे आहे. जमीन देण्यालाच विरोध असणारेही होते; मात्र चळवळीने जोर धरला तो वाढीव मोलातल्या वाट्यासाठी.

जासईचे आंदोलन : न्हावा-शेवा बंदर आणि शहर प्रकल्पासाठी जमिनींचा ताबा घेण्याची घाई सुरू झाल्यावर शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले. 16 जानेवारी 1984 रोजी जासईजवळच्या दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला, दुसऱ्या दिवशी पागोटे परिसरातही गोळ्या चालल्या. या दोन दिवसांत पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. स्त्रियांचा सहभाग मोठा होता. दरवर्षी 16 व 17 जानेवारीला उरण तालुक्यात हुतात्म्यांना अभिवादन केले जाते.

तरतुदी : साडेबारा टक्के हा आकडा प्रत्यक्षात तेवढा राहत नाही. सामाजिक सुविधांसाठी त्यातून 3.75 टक्के वजा होतात आणि शेतकऱ्याला 8.75 टक्के मिळतात. म्हणजे एकरामागे सुमारे 354 चौरस मीटर. भूखंडावर दीड चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या दीडपट बांधकाम) आणि 15 टक्क्यांपर्यंत वाणिज्य वापर मंजूर आहे. भूखंड सिडकोकडून 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. सातबाऱ्यावरचा मालक इथे भाडेपट्टेदार होतो. योजनेवरच्या टीकेत हा मुद्दा मागे पडतो, पण तो किरकोळ नाही.

परिणाम : वाटप रेंगाळले. वारसनोंदीचे वाद आणि भावकीतल्या वाटण्या यांत अनेक प्रकरणे अडकली. दरम्यान कुटुंबे वाढली, गावठाणे तेवढीच राहिली, आणि लोकांनी गावाभोवतीच्या संपादित जमिनीवर घरे बांधली. ती ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणून ओळखली जातात; ती नियमित करण्याची मागणी पुढची कित्येक वर्षे मोर्च्यांत राहिली. ज्यांना भूखंड मिळाले त्यांपैकी अनेकांनी ते सिडको, शेतकरी व विकसक यांच्यातील त्रिपक्षीय कराराने बिल्डरांकडे सोपवले. काही घरांत यातून पैसा आला. तो सगळीकडे टिकला नाही. न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर 1989 मध्ये सुरू झाले; तिथल्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के भूखंडांच्या वाटपाची सुरुवात मात्र ऑगस्ट 2014 मध्ये झाली. ही पंचवीस वर्षांची दिरंगाई समर्थनीय ठरत नाही.

नंतरची वाटचाल : नवी मुंबई विमानतळाच्या वेळी शेतकऱ्यांनी साडेबारा टक्क्यांवर समाधान मानले नाही, 2013 मध्ये 22.5 टक्के विकसित जमिनीचे पॅकेज ठरले. याच विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे यासाठी जून 2021 मध्ये मानवी साखळी आणि बेलापूरच्या सिडको भवनावर मोर्चा अशी आंदोलने झाली. केंद्राच्या 2013 च्या भूसंपादन कायद्यानेही नागरीकरणासाठी जमीन घेताना 20 टक्के विकसित जमीन प्रकल्पग्रस्त जमीनमालकांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली आहे. मात्र ती जमीन संपादन व विकासाचा खर्च भरूनच घ्यावी लागते.