त्वचेचा विद्युत्-संरोध आणि त्वचाकर्करोगाचे निदान

त्वचेवरील संशयास्पद डागातून अतिशय क्षीण प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणारा) विद्युत्-प्रवाह सोडून, त्याला होणारा एकूण विरोध म्हणजेच संरोध निरनिराळ्या कंप्रतांवर (दिशा बदलण्याच्या वेगांवर, म्हणजे फ्रीक्वेन्सींवर) मोजण्याची आणि त्यावरून तो डाग कर्करोगाचा असण्याची शक्यता आजमावण्याची ही पद्धती आहे. कमी कंप्रतेचा प्रवाह पेशींना वळसा घालून भोवतालच्या द्रवातून वाहतो, तर कंप्रता वाढत जाते तसा तो पेशीपटल ओलांडून पेशींच्या आतूनही जातो. कर्करोगात पेशींचा आकार, मांडणी आणि पटलाची ठेवण बिघडत असल्यामुळे संरोधाचा आलेखही बदलतो. त्वचेचा सर्वांत वरचा शृंगस्तर कोरडा असून प्रवाहाला मोठा अडथळा करतो. म्हणून मोजणीपूर्वी डाग लवणद्रावाने ओला करतात आणि जवळच्या निरोगी त्वचेचे मापन तुलनेसाठी घेतात.

स्वीडनमधील सायबेस कंपनीचे ‘नेव्हिसेन्स’ हे उपकरण १ किलोहर्ट्‌झ ते २.५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील ३५ कंप्रतांवर मापन करून ० ते १० असा गुणांक देते. कृष्णकर्क (मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्य-पेशींचा कर्करोग) ओळखण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाला मदत म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्याला मान्यता दिली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात त्याची संवेदनशीलता (खरा कृष्णकर्क ओळखण्याचे प्रमाण) ९६.६ टक्के, पण विशिष्टता (निरुपद्रवी डाग निरुपद्रवी म्हणून ओळखण्याचे प्रमाण) केवळ ३४.४ टक्के आढळली. म्हणजे कृष्णकर्क सहसा हातचा सुटत नाही, मात्र सुमारे दोन-तृतीयांश निरुपद्रवी डागांवरही संशयाचा शिक्का बसतो.

विदर्भाच्या ग्रामीण भागाचा विचार करता या उपकरणाची मर्यादा नेमकी महत्त्वाच्या जागी येते. भारतीयांमध्ये कृष्णकर्क विरळा असून तो पुष्कळदा तळपायावर उद्‌भवतो, आणि तळहात-तळपायाच्या जाड त्वचेसाठी हे उपकरण नाहीच. कपाशीच्या वावरात अनवाणी राबणाऱ्याच्या भेगाळलेल्या टाचेवर बिब्ब्याचा काळा डाग असणे नवलाचे नाही. बिब्ब्याचा डाग कातडी झडते तसा निघून जातो, परंतु पसरत जाणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला किंवा चिघळणारा डाग मात्र वेगळा मानावा लागतो. भाजल्याच्या जुन्या वणावर किंवा वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेत होणारा पट्टकी पेशींचा (त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा) कर्करोगही इथे ध्यानात ठेवावा लागतो, आणि तशा व्रणासाठीही हे यंत्र उपयोगाचे नाही. अशा रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून सेवाग्राम किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवले जाते. तिथे डागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी, म्हणजे बायोप्सी, हेच अंतिम निदान असते.