जुन्या ट्रॅक्टरांचे पुनरुज्जीवन व रंगकाम (कोकण)

बंद पडलेला किंवा गंजलेला शेतीचा ट्रॅक्टर खोलणे, त्याचा गंज काढणे, यंत्रणा चालती करणे आणि मूळ रंगसंगतीत तो पुन्हा रंगवणे, असे हे काम असते. देशावर त्यात इंजिनाची तब्येत मुख्य ठरते. कोकणच्या किनारपट्टीवर इंजिन सुधारलेला ट्रॅक्टरही दोन पावसाळ्यांत पुन्हा फोडांनी भरतो, कारण पत्र्यात मुरलेले मीठ न काढताच त्यावर रंग चढवलेला असतो.

भाताची खाचरे लहान आणि बांध उंच असल्यामुळे कोकणात चिखलणीला पॉवर टिलरच जास्त चालतो. मोठे ट्रॅक्टर ट्रॉली ओढायला, खारभूमीतल्या सपाट शेतांत आणि बागांत दिसतात. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या यंत्रांत मॅसी फर्ग्युसन 35 व 1035, महिंद्राचा बी-275, फोर्डचे 3000 व 3600 आणि एचएमटी-झेटर 2511 असतात. खोलण्याआधी आट्यांचे माप पाहावे. झेटरचे बोल्ट मेट्रिक, तर मॅसी, फोर्ड आणि बी-275 यांचे बहुतेक इंची असतात. इंची बोल्टवर मेट्रिक पाना चालवला की कोपरे गोल होतात आणि पुढे छिन्नीशिवाय इलाज उरत नाही.

मीठ कुठे बसते
खाडीकाठच्या शेतातला चिखल, समुद्रावरून येणारे वारे आणि वर्षाला 2,500 ते 3,500 मिमी पाऊस या तिन्हींचा परिणाम सर्वांत आधी मडगार्डच्या आत वळवलेल्या कडेत दिसतो. त्यानंतर बॅटरीचा ट्रे, पाय ठेवायची फळी आणि रिमची टायरखाली झाकलेली बाजू. पकड वाढावी म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर रिम आतून, व्हॉल्व्हच्या भोकापासून सडत येते. टायर न उतरवता रिम रंगवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. ट्रॅक्टर होड्या ओढायला वापरलेला असेल तर पुढच्या हबचे बेअरिंग आणि ब्रेक ड्रम न पाहताच खराब धरून चालावे.

मिठातले क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेते. ते रंगाखाली राहिले तर रंगाच्या थरातून पाणी आत झिरपते, फोड येतो आणि फोडाखाली गंज पसरतो. वरचा रंग कितीही महाग असला तरी यात फरक पडत नाही. म्हणून पहिली धुलाई डिझेल आणि ब्रशने ग्रीस काढून झाल्यावर गोड्या पाण्यानेच करावी. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी बहुधा चालते, पण खाडीलगतची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, तिचे पाणी वापरू नये.

गंज काढायला संडास धुण्याचे ॲसिड गॅरेजमध्ये सर्रास वापरतात. पत्रा लखलखीत होतो खरा, पण ते हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याने जे मीठ काढायचे तेच सांध्यांत भरले जाते. त्याऐवजी फॉस्फरिक आम्लाचे रस्ट रिमूव्हर लावावे आणि डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुवावे. लहान सुट्या भागांसाठी वीज आणि सोड्याची पद्धत स्वस्त व सौम्य आहे. प्लास्टिकच्या पिंपात दर लिटर गोड्या पाण्यात 10 ते 15 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवतात. 12 व्होल्टच्या चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडी सळईला जोडतात. रात्रभरात गंज सुटा होतो. सोड्याऐवजी मीठ टाकू नये, त्यातून क्लोरीन निघतो. स्टीलची, म्हणजे स्टेनलेसची, पट्टी सळई म्हणून लावू नये. पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. ॲल्युमिनियमचा भाग या पाण्यात विरघळतो. वर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून पिंप पडवीत किंवा उघड्यावर ठेवावे आणि जवळ विडी पेटवू नये.

सँडब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून गंज उडवणे, फक्त सुट्या केलेल्या पत्र्यांना आणि रिमला करावे. पूर्ण ट्रॅक्टरवर केले तर कण सीलमधून बेअरिंगमध्ये आणि ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या नळीतून) गिअरबॉक्समध्ये जातात. किनाऱ्यावरची वाळू दोन कारणांनी वर्ज्य: तिच्यात मीठ असते, आणि सिलिकाची धूळ फुप्फुसे कायमची निकामी करते. गार्नेट या खनिजाचे कण वापरावेत.

मीठ गेले की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. धुऊन वाळवलेला उघडा पत्रा रात्रभर छपराखाली ठेवावा. सकाळी काही ठिकाणीच काळसर ओले ठिपके किंवा नारिंगी बिंदू दिसले तर तिथे मीठ शिल्लक आहे, पुन्हा धुवावे. पत्राभर सारखी पिवळसर झाक आली असेल तर ती फक्त दमट हवेची असते आणि 180 नंबरच्या पॉलिश पेपरने जाते.

यंत्रणा
रंगाआधी यंत्र चालले पाहिजे, नाहीतर नव्या रंगावर पाने फिरतात. जाम इंजिनाचे इंजेक्टर काढून सिलिंडरांत डिझेल आणि एटीएफ ऑइल (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) समभाग ओतावे, आठवडाभर मुरू द्यावे आणि फ्लायव्हील पहारीने पुढे-मागे हलवावे. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करण्याचा मोह महागात पडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी टॅपेट कव्हर उघडून सगळे व्हॉल्व्ह मोकळे आहेत का ते पाहावे. पावसाळाभर उभ्या ट्रॅक्टरचा क्लच फ्लायव्हीलला चिकटणे ही कोकणातली नेहमीची तक्रार. उभा ठेवताना पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवले की ती टळते. हायड्रॉलिकचे तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. तेल बदलण्याआधी गिअर लिव्हरचे रबरी बूट बदलावे, कारण पाणी बहुधा तिथूनच येते.

रंग
मूळ छटा उन्हात न आलेल्या जागी सापडते: डॅशबोर्डच्या मागे, बॅटरी ट्रेखाली. मॅसी 35चा पत्रा लाल आणि इंजिन-चासी करडी होती. हल्ली सरसकट सगळे लाल करून टाकतात, ते चुकीचे आहे. मूळ रंग सत्तर टक्के शाबूत असेल तर न रंगवता धुऊन, पॉलिश करून ठेवणे जास्त शहाणपणाचे.

काम दिवाळीनंतर मार्चपर्यंत उरकावे. हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे दव धरू लागते त्या तापमानापेक्षा, किमान 3 अंशांनी जास्त हवे. मोजायला साधन नसेल तर पत्र्यावर ओला फडका फिरवावा. ओल पंधरा मिनिटांत वाळली नाही तर त्या दिवशी रंगाची गन उचलू नये. सकाळचे दव वाळल्यापासून दुपारचे खारे वारे सुटेपर्यंतचे तीन-चार तास हीच खरी वेळ. मतलई वारे जमिनीकडून येतात, त्यांत मीठ नसते. मात्र जांभ्याची तांबडी धूळ असते, म्हणून जमिनीवर आधी पाणी मारून ती नीट निथळू द्यावी.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर गरज असेल तिथेच पुट्टी, आणि तीही 2 ते 3 मिमीपेक्षा जाड नको. पुट्टी पाणी पिते. उघड्या पत्र्यावर थेट भरली तर पावसाळ्यात ती आख्खी सुटून येते. नंतर 320 आणि 400 नंबरचा पेपर, मग पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन-तीन हात. पस्तीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला रिमसकट साधारण 3 लिटर प्रायमर आणि 4 लिटर रंग लागतो. प्रायमरला 1.6 ते 1.8 मिमी आणि रंगाला 1.3 ते 1.4 मिमीचे नोझल घ्यावे. हार्डनरचे (रंग कडक करणाऱ्या द्रवाचे) प्रमाण डब्यावरचेच पाळावे; लवकर वाळावा म्हणून जास्त घातले तर रंग ठिसूळ होतो. दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठते आणि गनमधून रंगात शिरून बारीक खड्डे पाडते. दर तासाला खालचा कॉक उघडावा. पीयूच्या हार्डनरमधले आयसोसायनेट दम्याचे कारण ठरते, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर सिंथेटिक इनॅमलवर समाधान मानावे. सायलेन्सर व मॅनिफोल्डला उष्णतारोधक सिलिकॉन ॲल्युमिनियमच. रेडिएटरच्या जाळीवर जाड रंग चढला तर इंजिन तापते.

इंजिन व चासी क्रमांकांवर ग्राइंडर किंवा ब्लास्टिंग कधीही चालवू नये. ग्रीस व टेपने झाकून ते हातानेच साफ करावेत. नोंदणीची मुदत पहिल्यांदा 15 वर्षांची आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरणाची असते. तपासणीत अस्पष्ट क्रमांक दिसला तर कागदपत्रे अडतात. रंग बदलला असल्यास त्याची आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते.