भत्ता बंद केला म्हणून लोक कामावर परतले? नाही हो

अमेरिकेतल्या कोरोनाकाळातल्या बेकारी भत्त्याबद्दल एक गोष्ट अजून फिरतेय, की सरकार आठवड्याला जादा 300 डॉलर देत होतं म्हणून लोक घरी बसले आणि ते बंद करताच सगळे कामाला लागले. ऐकायला पटतं, पण तसं झालेलं नाही.

मार्च 2020 च्या कायद्याने आधी 600 डॉलर जादा मिळायचे, ते जुलैअखेर संपले, नंतर 300 सुरू झाले ते 6 सप्टेंबर 2021 पर्यंत. पण 25 च्या आसपास राज्यांनी ते जून-जुलैमध्येच बंद केले, आयोवा, मिसिसिपी, मिझुरी, अलास्का तर 12 जूनलाच. म्हणजे तुलना करायला आयतीच संधी मिळाली, काही राज्यांत भत्ता बंद आणि काहींत चालू. अर्थशास्त्रज्ञांनी बँक खात्यांचा डेटा तपासला तर भत्ता गेलेल्या दर 8 जणांमागे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत साधारण 1 जणालाच नोकरी लागलेली, आणि बाकीच्यांनी खर्च कमी केला, म्हणजे दुकानदारांचंही नुकसानच.

थोडा परिणाम झाला हे खरंय, ते नाकारत नाही मी. पण उरलेल्या 7 जणांना आळशी म्हणायचं? शाळा नीट सुरू नव्हत्या, मुलं सांभाळायला कोणी नाही, त्यात डेल्टाची लाट. उबर चालवणारे, फ्रीलान्सवाले यांना तर नेहमीचा बेकारी भत्ता मिळतच नाही, कोरोनाकाळातल्या खास योजनेतूनच काय तो मिळायचा. यातल्या बहुतेक राज्यांनी तीही योजना बंद केली, तिथे त्यांचा सगळा आधारच एका झटक्यात गेला.