दोन-धावी डीझेल बस-एंजिनाचे तेल

दोन-धावी डीझेल बस-एंजिनाचे तेल : जुन्या बसगाड्यांतील दोन-धावी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टू-स्ट्रोक, डीझेल एंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये भरावयाचे वंगण. हे तेल ४० नंबरचे (हा दाटपणाचा क्रमांक), एकश्रेणी (दाटपणाचा एकच क्रमांक असलेले), अल्पभस्म (जळाल्यावर राख थोडी उरणारे) आणि एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या सीएफ-२ दर्जाचे असावे लागते. या चारही अटी एकदम पाळाव्या लागतात. एक सुटली तरी बाकीच्या तिघींचा उपयोग फारसा उरत नाही. येथे मुख्यतः जनरल मोटर्सच्या, पुढे डेट्रॉइट डीझेल नावाने ओळखल्या गेलेल्या ५३, ७१ व ९२ या मालिका गृहीत धरल्या आहेत. गोव्यात १९८० साली स्थापन झालेल्या कदंब परिवहन महामंडळाच्या ताफ्यातील टाटा आणि अशोक लेलँड बनावटीच्या डीझेल गाड्या चार-धावी आहेत, त्यांना हे विवेचन लागू नाही.

पेट्रोल पंपावर दोन-धावी स्कूटरसाठी मिळणारे २टी तेल आणि प्रस्तुत तेल यांचा काहीही संबंध नाही. हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे, आणि त्याची किंमत इतकी जबर, की त्याचे मूळ इतिहासात जाऊन पाहणे आवश्यक ठरते.

उगम : दोन-धावी आवर्तनाचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. ब्रिटिश अभियंता ड्यूगल्ड क्लार्क याने १८७८ च्या सुमारास असे एंजिन बनविले व १८८१ मध्ये त्याचे एकस्व (पेटंट) घेतले. कार्ल बेंझचे दोन-धावी एंजिन १८७९ च्या अखेरीस चालू झाले होते. बाथ येथील जोझेफ डे याचे एंजिन १८९० च्या आसपासचे. लोकप्रिय लेखनात बहुधा डेचे नाव पुढे येते, कारण दोन-धावी स्कूटर, मोपेड आणि होडीमागे लावायची लहान मोटर ही सारी त्याच्या रचनेची संतती आहे. बसचे डीझेल एंजिन मात्र क्लार्कच्या घराण्यातले मानणे अधिक सयुक्तिक वाटते, आणि हा भेद केवळ वंशावळीपुरता नाही.

चार-धावी एंजिनात जळका वायू बाहेर ढकलायला आणि ताजी हवा आत ओढायला दट्ट्याच्या (पिस्टनच्या) दोन वेगळ्या धावा असतात. दोन-धावी एंजिनात त्या नसल्यामुळे हवा बाहेरून ढकलावी लागते. ती कोणी ढकलायची? डेने हे काम क्रँककेसला, म्हणजे सिलिंडरखालच्या एंजिनाच्या पेटीला, दिले : दट्ट्या खाली येताना त्याच्या खालची हवा दाबली जाते व बाजूच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरते. ज्या पेटीतून इंधन-हवा वाहते, तिच्यात तेलाचा साठा ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि जाळून टाकायचे, ही रीत आली. २टी तेल त्यासाठीच घडविलेले असते : पातळ, पेट्रोलमध्ये सहज विरघळणारे, जळाल्यावर मागे थोडेच उरणारे.

क्लार्कने हवेसाठी स्वतंत्र पंप-सिलिंडर ठेवला होता. जनरल मोटर्सच्या एंजिनात त्या जागी रूट्स पद्धतीचा ब्लोअर आला. रूट्स बंधूंनी अमेरिकेत १८६० मध्ये एकस्व घेतलेले हे यंत्र मुळात वाहनांसाठी नव्हतेच. ब्लोअर हवा पुरवतो, त्यामुळे क्रँककेस मोकळी राहते, तिच्यात नेहमीसारखे ऑइल चेंबर बसते आणि पंपाच्या दाबाने तेल बेअरिंगांपर्यंत पोचते. म्हणजे तेलाच्या दृष्टीने हे एंजिन स्कूटरपेक्षा चार-धावी लॉरीला जवळचे आहे. तेल निवडताना धावा मोजण्याआधी हवा कुठून आत येते ते पाहावे. (या ब्लोअरला सुपरचार्जर म्हणण्याची चूक जुन्या पुस्तकांतही आढळते. सिलिंडर झाडून काढणे एवढेच त्याचे मूळ काम. तो काढला तर एंजिन कमी शक्तीने नव्हे, मुळीच चालणार नाही.)

डीझेल आवर्तनाला दोन-धावी रूप देण्याचा पहिला प्रयत्न ह्यूगो ग्युल्डनर याने आउग्सबुर्ग येथे १८९९ च्या सुमारास केला, तो यशस्वी झाला नाही. पुढे सुल्झर कंपनीने १९०५ च्या सुमारास जहाजांसाठी उलट-सुलट फिरणारे दोन-धावी डीझेल एंजिन सिद्ध केले. रस्त्यावरील वाहनांपर्यंत ही रचना दोन वाटांनी आली. एक जर्मन वाट, युंकर्स आणि क्रुप यांची. जपानच्या निहोन डीझेल या १९३५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने क्रुप-युंकर्सचा परवाना घेतला. तीच पुढे मिन्सेई डीझेल झाली, १९५५ मध्ये तिने यूडी ही एंजिनमालिका काढली आणि १९६० मध्ये तिचे नाव निस्सान डीझेल झाले. यूडी या अक्षरांचा अर्थ नंतरच्या जाहिरातींत वेगळा दिला जातो; मूळ अर्थ ‘युनिफ्लो डीझेल’, म्हणजे ज्यात हवा एकाच दिशेने वाहते असे डीझेल एंजिन, असाच धरावा. दुसरी अमेरिकन वाट, जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांच्या संशोधनातून निघालेली. १९३८ मध्ये ७१ मालिका बाजारात आली. ७१ म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान, घन इंचांत, सुमारे १.१६ लिटर. त्यामुळे ६-७१ हे सहा सिलिंडरांचे, तर ८व्ही-७१ हे आठ सिलिंडरांचे आणि सुमारे ९.३ लिटरांचे एंजिन. ९२ मालिका १९७४ ची. अमेरिकेतील ग्रेहाउंड बस कंपनीच्या १९५४ च्या सीनिक्रूझर बसमध्ये आरंभी दोन ४-७१ एंजिने जोडलेली होती. ती कटकटीची ठरल्यावर १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या जागी एकच ८व्ही-७१ बसविण्यात आले. सोव्हिएत झिस-१५४ बसमध्येही याच घराण्याचे एंजिन होते. ब्रिटनमधील कॉमर टीएस३ हे समोरासमोर दट्ट्ये असलेले एंजिन मात्र वेगळ्या कुळीचे. त्याला निर्मात्याच्या पुस्तिकेबाहेरचा नियम लावू नये.

दाटपणा : ४० नंबरच का, याचे उत्तर दट्ट्याच्या पिनमध्ये, म्हणजे दट्ट्याला जोडदांड्याशी सांधणाऱ्या खिळीत, आहे. चार-धावी एंजिनात चोषण-धावेच्या (हवा आत ओढण्याच्या) वेळी दट्ट्यावरचा दाब क्षणभर उलटतो, पिन बुशापासून किंचित सुटते आणि त्या फटीत ताजे तेल शिरते. दोन-धावी एंजिनात प्रत्येक फेऱ्याला स्फोट असल्यामुळे पिनवरचा भार जवळजवळ सदैव खालच्याच दिशेने राहतो. तेलाचा पापुद्रा चेपला जातो, त्याला पुन्हा भरायला उसंत मिळत नाही. अशा ठिकाणी पापुद्रा टिकून राहणे हे तेलाच्या अंगभूत दाटपणावर अवलंबून असते. दुसरे कारण सिलिंडरच्या भिंतीत. हवा आत येण्याची छिद्रे तिथे ओळीने कोरलेली असतात आणि दट्ट्याच्या कड्या दर फेऱ्याला दोनदा त्यांवरून घासत जातात. पातळ तेल छिद्रांच्या कडांवर टिकत नाही.

एसएई प्रमाणानुसार ४० नंबरच्या तेलाचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतो. १५डब्ल्यू-४० हे बहुश्रेणी तेलही त्या तापमानाला याच पट्ट्यात बसते, म्हणून ‘दोन्ही एकच’ असा युक्तिवाद केला जातो. तो अपुरा आहे. बहुश्रेणी तेलाचा उष्णतेतला दाटपणा काही अंशी लांब बहुवारिक (पॉलिमर) रेणूंनी उसना आणलेला असतो. जोराच्या कातरभाराखाली, म्हणजे घसरत्या भागांमध्ये तेल ओढले जाताना, हे रेणू आडवे होतात, कालांतराने तुटतात आणि तेल पातळ पडते. डेट्रॉइट डीझेलने आपल्या मार्गदर्शिकेत बहुश्रेणी तेलाला पूर्ण बंदी केली नव्हती, पण ती सवलत गोठवणाऱ्या थंडीत एंजिन सुरू व्हावे यासाठी होती आणि १५० अंशांना, कातरभाराखाली, किमान ३.७ सेंटिपॉइज दाटपणाची अट तिला जोडलेली होती. एकश्रेणी तेलाचा आग्रह हा केवळ जुन्या मेस्त्रींचा हट्ट आहे असे म्हणणाऱ्यांपेक्षा, पिनच्या भारातून त्याचे कारण काढणाऱ्यांचे म्हणणे अधिक पटते.

भस्म : तेलातील मळ धरणारी व आम्ल मारणारी द्रव्ये बहुधा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची असतात. तेल जळाले की त्यांचे भस्म उरते. या एंजिनांत निष्कास झडपा (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या) डोक्यावर असतात आणि दर फेऱ्याला उघडतात. २,१०० फेऱ्यांच्या वेगाला मिनिटाला २,१०० वेळा, म्हणजे चार-धावी एंजिनाच्या दुप्पट. थंड व्हायला त्यांना निम्माच वेळ मिळतो. तापलेल्या झडपेच्या बैठकीवर भस्माची खपली बसली की झडप पुरती मिटत नाही, फटीतून ज्वाळा सुटते आणि काठाला चर पडतो. यालाच ‘व्हॉल्व्ह जळला’ म्हणतात. म्हणून सल्फेटेड भस्म वजनाच्या १.० टक्क्यापेक्षा कमी असावे, असा दंडक आहे. चार-धावी ट्रकसाठी उत्तम समजल्या जाणाऱ्या अनेक सीआय-४ तेलांत ते याहून जास्त असते. महाग तेल म्हणजे चांगले तेल, हा हिशेब इथे उलटा पडतो.

पूर्वी यात खरी अडचण होती. डीझेलमध्ये गंधक जास्त असे, त्याचे आम्ल मारायला तेलात अल्कता हवी, आणि अल्कता वाढवली की भस्म वाढे. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे डीझेल आले. त्यातील गंधकाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे कमी भस्माचे तेल वापरताना आम्लाची धास्ती बाळगण्याचे कारण राहिलेले नाही.

डब्यावरील अक्षरे : एपीआयच्या वर्गीकरणात ‘सी’ने सुरू होणारे दर्जे डीझेलचे. त्यांच्या पुढचा आकडा धावा सांगतो : सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीके-४ हे चार-धावी एंजिनांसाठी; सीएफ-२ दोन-धावींसाठी. सीएफ-२ हा दर्जा १९९४ मध्ये आला व त्याने आधीच्या सीडी-टूची जागा घेतली. नुसते ‘सीएफ’ म्हणजे सीएफ-२ नव्हे. एपीआयच्या यादीत सीएफ-२ आता कालबाह्य दर्जांत मोडतो, कारण ही एंजिने रस्त्यासाठी बनणेच थांबले. तरी काही कंपन्यांची ४० नंबरची एकश्रेणी तेले अजून तो दर्जा सांगतात. डब्यावर भस्माचा आकडा छापलेला नसतो. तो कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतो आणि विक्रेत्याकडे ते पत्रक मागण्यात संकोच करू नये. सीजे-४ व सीके-४ तेलांत भस्म १.० टक्क्याच्या आत असते हे खरे, पण ती सहसा बहुश्रेणी असतात. एक अट पाळली म्हणून दुसरी माफ होत नाही.

गोव्याची हवा : वरील वादातील अर्धा भाग गोव्यात उद्भवतच नाही. बहुश्रेणी तेलाची सवलत ज्या थंडीसाठी दिली गेली, ती इथे पडत नाही. पणजीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा १८-२० अंशांच्या आसपास असतो. ४० नंबरचे तेल बाराही महिने चालते, हिवाळ्यात ३० नंबरवर उतरण्याचे कारण नाही. खरी कसोटी चढावर होते. मोले सोडून अनमोड घाटाला लागलेली किंवा सत्तरीतून चोर्ला घाट चढणारी भरलेली गाडी बराच वेळ पूर्ण भाराखाली राहते, आणि पिनचा पापुद्रा तिथेच पारखला जातो.

पावसाळ्याचा प्रश्न निराळा. उभ्या राहिलेल्या गाडीच्या एंजिनात दमट हवेचे पाणी धरते. आठवड्यातून पाच मिनिटे जागेवरच चालवून ते जात नाही, उलट वाढते. कारण ब्लोअरची भरपूर हवा रिकाम्या एंजिनाला गरम होऊ देत नाही. गाडी भाराखाली तापेपर्यंत फिरवावी. एअरबॉक्सच्या (सिलिंडरांभोवतालच्या हवेच्या पेटीच्या) निचरानळ्यांतून थोडे तेल खाली ठिबकणे हे या एंजिनांचे नैसर्गिक लक्षण आहे. नळ्या बुजवून ते थांबवू नये. तेल ब्लोअरच्या सीलमधून हवेच्या वाटेत शिरू लागले तर मात्र एंजिन स्वतःच्याच तेलावर बेफाम धावू शकते आणि इंधन तोडूनही थांबत नाही. हवा बंद करणारी आपत्कालीन पाती याकरिताच असते, ती मोकळी फिरते ना, हे तेल बदलताना पाहावे. चेंबरमधील तेलाची पातळी आपोआप वाढली आणि त्याला डीझेलचा वास आला, तर झडपांच्या झाकणाखालील इंधननळ्या गळत आहेत असे समजावे. पातळ झालेल्या त्या तेलावर गाडी चालवू नये.

इतर दोन-धावी एंजिने : कोकण रेल्वेमार्गावर २०२२ च्या पूर्ण विद्युतीकरणापूर्वी धावणाऱ्या डब्ल्यूडीजी-४ जातीच्या रेल्वे-इंजिनांत ईएमडी या अमेरिकन कंपनीचे ७१० हे दोन-धावी डीझेल एंजिन असते. त्याचेही तेल ४० नंबरचे, त्यामुळे ते बसला चालेल असा समज सहज होऊ शकतो. परंतु ईएमडी एंजिनांच्या पिन-बेअरिंगांना चांदीचा थर देण्याची परंपरा आहे आणि जस्ताची संयुगे चांदीला खातात. म्हणून रेल्वेचे तेल जस्तविरहित असते. बसच्या एंजिनात तेच जस्त कॅम आणि त्यावरील भागांची झीज रोखते. दोन्ही बाजूंनी अदलाबदल घातक आहे. मुरगाव बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांची मंदगती एंजिने हीदेखील दोन-धावी. त्यांत सिलिंडरचे तेल आणि क्रँककेसचे तेल अशी दोन स्वतंत्र तेले असतात, आणि सिलिंडरचे तेल जहाजाच्या इंधनातील गंधकानुसार, कित्येकदा बसच्या तेलाच्या अनेक पट अल्कतेचे, निवडले जाते.